ठकीच्या नाकाला काम

3 नोव्हेंबर 2024, रविवार

भाऊबीज. धनत्रयोदशीपासून आमच्या कुत्रीचा, ठकीचा, मुक्काम दिवाणाखाली होता. आज सकाळी फटाक्यांचे आवाज थांबले आणि बाईसाहेब बाहेर आल्या त्या थेट फाटकावर. पुढचे दोन्ही पाय आडव्या पट्टीवर, मान रस्त्यावर, आणि दूधवाल्याच्या मोटारसायकलला मनसोक्त भुंकणं. मग अंगणात गिरक्या. मग ह्यांची कोल्हापुरी, डावी. उजवी दसऱ्यालाच गेली होती, त्यामुळे नवीन नुकसान असं काही नाही.

दहा वर्षं झाली तिला. भोपाळच्या बरखेड्यात भेलच्या क्वार्टरमागे सापडली तेव्हा ओंजळीत मावायची. आता हनुवटी पांढरी, भुवयांवर पांढरे ठिपके, डोळ्यांत निळसर झाक. अंगातली रग मात्र तसूभर कमी झालेली नाही. समोरच्या भाभी म्हणाल्या, "अब तो इसकी उमर हो गई, आराम करने दीजिए." दुपारी ओवाळून घ्यायला इंदूरहून दादा आला. त्याचं म्हणणं, रोज तासभर पळव, मग बघ कशी गप्प पडते ते.

दोन्ही ऐकून घेतलं, पटलं एकही नाही. मागच्या थंडीत ह्यांनी तिला सायकलच्या बाजूने पळवलं होतं. महिन्याभरात तिचा दम आणखी वाढला आणि ह्यांचा गुडघा सुजला. आणि नुसत्या आरामाचं फळ म्हणजे चपला.

6 नोव्हेंबर, बुधवार

बँकेतून लवकर निघून डॉक्टरांकडे नेली. हृदय चांगलं, रक्त चांगलं. डोळ्यांतली झाक म्हणजे मोतीबिंदू नव्हे. वयानं भिंग घट्ट होत जातं, दिसायला फारसा अडथळा नाही. एक्स-रेमध्ये मागच्या डाव्या खुब्यात झिजेची सुरुवात दिसली. वजन दोन किलो जास्त.

"पोहे देता का?" हा पहिला प्रश्न. भोपाळच्या डॉक्टरांना तो विचारावाच लागत असणार. ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. पोह्यांत कांदा असतो आणि कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, हे ह्यांना मी कितीदा सांगितलंय. जलेबीबद्दल डॉक्टरांनी वेगळं बोलायची गरज ठेवली नाही.

वजनाचं त्यांनी नीट समजावलं. अमेरिकेत 48 लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना जन्मभर पाहिलं. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं, त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला. 2002 मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं, दुसऱ्यांचं 11.2, आणि सांध्यांचं दुखणंही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागलं. औषधाची चिठ्ठी लिहून झाल्यावर म्हणाले, "चालू द्या, पळू द्या. उंच उड्या आणि गर्रकन वळणं बंद. गुळगुळीत फरशीवर तर अजिबात नाही."

येताना हॉलसाठी रबरी पायपुसण्याची लांब पट्टी घेतली. रात्री तिची नखं कापली, पंज्याच्या गाद्यांमधले केसही कापले. केस वाढले की फरशीवर पकड सुटते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

10 नोव्हेंबर, रविवार

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब कुणी काढला देव जाणे. 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 104 लॅब्राडॉरांच्या डीएनएवरच्या खुणा माणसांच्या खुणांशी ताडून नवं सूत्र मांडलं: कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढा, 16 ने गुणा, 31 मिळवा. म्हणजे वर्षाचं कुत्रं एकदम एकतिशीत, पुढे मात्र वाढीचा वेग मंदावत जातो.

ह्यांनी भेलमधला जुना कॅल्क्युलेटर काढला. उत्तर 67.8.

"म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. आजपासून अहोजाहो करायचं का?"

ठकी काही लॅब्राडॉर नाही, तेव्हा सूत्र तिला कितपत लागू पडतं ते सोडून देऊ. पण अडुसष्टीच्या माणसाला आपण ना जिन्यावरून उड्या मारायला लावतो ना दिवसभर गादीवर निजवून ठेवतो.

17 नोव्हेंबर, रविवार

पुण्याहून लेकानं अ‍ॅजिलिटीचे, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या खेळाचे, व्हिडिओ पाठवले. तिकडे त्याचे क्लास आहेत, इथे नाहीत. "आई, ठकीला जमेल ग, ती तर फाटकावरून जाते!" जमेल रे, पण नंतरचे दोन दिवस तिला उचलून अंगणात कोण नेणार?

खेळ जन्मला कसा ते गमतीचं आहे. 1978 मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात दोन मोठ्या कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षक उठून जाऊ नयेत म्हणून काहीतरी करायचं होतं. समितीतले जॉन व्हार्ले घोड्यांच्या जगातले. त्यांनी घोड्यांच्या अडथळ्यांसारखे कुत्र्यांसाठी अडथळे मांडायचं सुचवलं आणि पीटर मीनवेल ह्या प्रशिक्षकाला हाताशी धरलं. वेळ भरून काढायला केलेली करमणूक लोकांना मूळ कार्यक्रमापेक्षा जास्त आवडली, आणि आज जगभर तिच्या स्पर्धा होतात.

खेळ देखणा आहे खरा. पण म्हाताऱ्या खुब्याच्या नजरेनं बघितलं की काय गाळायचं ते आपोआप दिसतं. तंबूसारख्या उतरत्या फळ्यांवरून खाली येताना सगळा भार खांद्यांवर. एका रांगेत 60 सेंटिमीटरवर रोवलेल्या 12 काठ्यांमधून नागमोडी जायचं तर कणा सारखा डावीउजवीकडे वाकतो. सी-सॉ तर नकोच. उरलं काय? जमिनीलगतचे दांडे, बोगदा, आणि जमिनीवर उभ्या केलेल्या कमानींतून नुसतं जाणं. ह्या शेवटच्याला हूपर्स म्हणतात. त्यात उडीच नाही, म्हातारी कुत्री आणि म्हातारे मालक दोघांनाही चालतं.

संध्याकाळी अंगणात विटा मांडल्या, त्यांवर झाडूचे दांडे, ठकीच्या घोट्याच्या जरा वर. उडी नाही, पाय उचलून चालायचं. पहिल्या फेरीत मागचे पाय प्रत्येक दांड्याला लागले. पुढच्या पायांमागून आपलेच आणखी दोन पाय येतात ही बातमी कुत्र्याला फारशी नसते.

त्यावर उपाय देवघरातला जुना पाट. त्याला सतरंजीचा तुकडा बांधला. ठकीनं पुढचे पाय पाटावर ठेवले. मी तिच्या तोंडासमोर रताळ्याचा चण्याएवढा तुकडा धरला आणि एक पाऊल डावीकडे सरकले. मान आली, खांदे आले, मागचं धड होतं तिथेच. वाकडी झाली, माझ्याकडे बघत राहिली. मी थांबून राहिले. मग मागचा उजवा पाय एक बोटभर सरकला. "वा!" आणि तुकडा. पुन्हा एक बोटभर. हळूहळू तिच्या लक्षात आलं की पाट जागेवर राहतो आणि फिरायचं ते मागच्या पायांनी. पाव वर्तुळ झालं तेव्हा तिची शेपटी अशी हलत होती की तोलच जाईल. तिथेच थांबलो. तिला आणखी हवं होतं, म्हणूनच थांबलो.

22 नोव्हेंबर, शुक्रवार

मागच्या गल्लीत दीवानजी राहतात. पोलिसातून निवृत्त, भदभद्याच्या 23व्या बटालियनच्या डॉग ट्रेनिंग सेंटरात हयात गेली. आजवर नुसता नमस्कार होता. आज सकाळी अंगणातले दांडे बघून फाटकापाशी थांबले.

मध्य प्रदेशात कुत्र्यांच्या शिक्षणाची परंपरा चांगली जुनी आहे. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र 1970 पासून आहे. भदभद्याच्या केंद्रात पोलिसांच्या कुत्र्यांबरोबर जंगल खात्याचेही कुत्रे तयार होतात. वन्यजीवांच्या चोरट्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक ह्या संस्थेनं 2008 मध्ये शोधक कुत्र्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यातले कितीतरी कुत्रे आणि त्यांचे हँडलर इथे शिकून गेले. वाघ-बिबट्याची कातडी, हाडं, अस्वलाचं पित्त, असं सगळं ते हुंगून काढतात. शिकायला सहा ते नऊ महिने.

मी विचारलं, दहा वर्षांची कुत्री शिकेल का?

"हमारे यहाँ तो इस उमर में रिटायर कर देते हैं, मैडम." मग ठकीकडे बघून, "लेकिन नाक रिटायर नहीं होती. पंद्रह मिनट सूँघने का काम दीजिए, फिर देखिए सोती है कि नहीं."

फाटकातून हात घालून तिच्या कानामागे खाजवलं. ती कुणालाही एवढ्या लवकर हात लावू देत नाही.

1 डिसेंबर, रविवार

परदेशात पाळीव कुत्र्यांसाठी हुंगण्याचा खेळ निघालाय, नोजवर्क. 2006 च्या सुमारास कॅलिफोर्नियात पोलीस कुत्र्यांच्या प्रशिक्षकांनीच सुरू केला. त्यात स्फोटकं नसतात, बर्च, अ‍ॅनिस आणि लवंग ह्यांच्या तेलाचे वास असतात. लवंग! औषधाच्या दुकानात दातदुखीसाठी मिळतं ते तेल. वीस रुपयांची इवलीशी बाटली आणली.

तेल ठकीच्या तोंडात जाता कामा नये, म्हणून थेंबभरच. काचेच्या बरणीत कान साफ करायच्या काड्या, झाकणाच्या आतल्या कापसावर एक थेंब, रात्रभर बंद. सकाळी त्यातली एक काडी चिमट्यानं उचलून छोट्या पत्र्याच्या डबीत. डबीला खिळ्यानं भोकं. मग चपलांची रिकामी खोकी ओळीनं मांडली. (चपलांची खोकी घरात भरपूर आहेत, कारण उघड आहे.) एका खोक्यात डबी आणि तिच्याशेजारी रताळं. बाकी रिकामी.

"ठके, शोध."

पहिल्यांदा ती माझ्या हाताकडेच बघत बसली. मग खोक्यांवरून भर्रकन गेली, डबीचं खोकं ओलांडून पुढे दोन पावलं, आणि तिथे कुणीतरी हाक मारावी तशी मान मागे वळली. धड पुढे, मान मागे. परत आली, नाक खोक्यात, रताळं फस्त. मी लगेच वरून आणखी तुकडे त्याच खोक्यात टाकले. बक्षीस हवं ते वासाच्या जागीच मिळावं, हे दीवानजींचं सांगणं.

जवळ बसून ऐकलं तर हुंगण्याचा आवाज येतो, छोट्या छोट्या धापांचा. कुत्रं सेकंदाला पाचेक वेळा असं हुंगतं. श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे जाते, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही, उलट जमिनीवरचा नवा वास पुढे ओढला जातो. वास टिपणाऱ्या पेशी आपल्याला पन्नास-साठ लाख, कुत्र्याला वीस-तीस कोटी. हे आकडे मी ह्यांना वाचून दाखवले तर म्हणाले, "आणि एवढं असून ती माझीच चप्पल निवडते."

अकरा वाजता झोपली. चारला उठली.

3 डिसेंबर, मंगळवार

गॅसकांडाला 40 वर्षं. शहराला सुट्टी. आज डबी काढली नाही, नुसतं फिरून आलो.

7 डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. भोपाळात दोन पिढ्या झाल्या तरी आमच्याकडे तळी भरली जाते. वांग्याचं भरीत, कांद्याची पात, बाजरीचा रोडगा. खंडोबाच्या नावानं कुत्र्याला घास द्यायचाच. भरीत आणि पात ठकीला चालत नाही, म्हणून रोडग्याचा कोरडा तुकडा. सासूबाईंच्या काळात ठकीच्या आधीच्या कुत्र्यांना सगळं ताट मिळायचं. त्यांनी काय काय पचवलं असेल!

रोडगा ताटलीत वाढायच्या ऐवजी तुळशीमागे लपवला. खंडोबाला हरकत नसावी.

14 डिसेंबर, शनिवार

थंडी कडाक्याची. ठकी सकाळी उठते ती मागचं धड ओढत, दहा-बारा पावलांनंतर सरळ होते. आता नियमच केला. आधी दहा मिनिटं दोरीवर सावकाश चाल, मग पाट, मग दांडे, शेवटी शोध. शोध संपला की पुन्हा चाल. थंड स्नायूंवर खेळ नाही.

पेपरात पहिल्या पानावर रातापानीचं जंगल. ते मध्य प्रदेशातला आठवा व्याघ्र प्रकल्प झालं आणि काल त्याला डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांचं नाव जाहीर झालं. हरिभाऊ वाकणकर म्हणजे 1957 मध्ये आगगाडीतून दिसलेले खडक बघायला उतरून भीमबेटका शोधून काढणारे. भीमबेटका त्याच जंगलात. शोधकाचं नाव जंगलाला दिलं, छानच झालं.

दीवानजी मोकळ्या मैदानात शोध शिकवायचं म्हणत होते. लेकानं फोनवर कलियासोत सुचवलं. तो पुण्यात राहून विसरलाय. कलियासोत-केरव्याच्या बाजूला वाघ येतात आणि बिबट्याला कुत्रं म्हणजे आयती मेजवानी. भेलचं मैदान आहे, रुंद आहे, तिथे फार तर गाई भेटतील.

आज दत्तजयंती. मंदिरातल्या तसबिरीत दत्तांच्या पायाशी चार कुत्री. हे हळूच म्हणाले, "चारही शांत बसलीयत बघ."

29 डिसेंबर, रविवार

मावठा. मैदान ओलं, हवा जड. मला वाटलं वास धुऊन गेला असेल. दीवानजी हसले. ओलसर हवेत वास जमिनीलगत रेंगाळतो, कडक उन्हात वर उडून जातो. त्यांनी वाऱ्याची दिशा बघायला खिशातून टाल्कम पावडरीची डबी काढली आणि चिमूटभर उडवली. पांढरा पट्टा तिरपा झाडांकडे गेला. "डबी वहाँ है, पर बू यहाँ मिलेगी." वास डबीपासून निघतो तेव्हा अरुंद असतो, वाऱ्याबरोबर पसरत जातो. म्हणून कुत्रीला वाऱ्याच्या खालच्या अंगानं आडवी न्यायची.

ठकी आडवी निघाली. नाक जमिनीवर, शेपटी सैल. पावडरीचा पट्टा गेला होता त्या जागी पोचताच शेपटी ताठ झाली, तोंड मिटलं, धाप थांबली. मग वाऱ्याच्या तोंडाला नागमोडी, प्रत्येक वळण आधीच्यापेक्षा छोटं. झाडाच्या बुंध्याशी, विटेच्या फटीत डबी.

स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला सापडलं की बसायला शिकवतात, भुंकायला नव्हे. मी "बस" म्हणणार एवढ्यात दीवानजींनी हात केला. खुबा दुखणाऱ्या कुत्रीला दर वेळी बसवायचं कशाला? ती नाक लावून गोठल्यासारखी उभी राहते, तीच तिची खूण. आपण ओळखायला शिकायचं.

12 जानेवारी 2025, रविवार

महिन्याभरात चपलांचा बळी नाही. फाटकावर चढणं आहे, पण दूधवाला गेला की उतरते. वजन दीड किलो उतरलं.

हुंगण्यानं कुत्री शांत का होते ह्यावर एक अभ्यास सापडला, 2019 चा, शार्लोत दुरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्यांचा. कुत्र्यांना आधी शिकवलं की एका जागच्या वाडग्यात खाऊ असतो, दुसऱ्या जागच्या वाडग्यात कधीच नसतो. मग वाडगा मधोमध ठेवला आणि कुत्रं किती वेळात तिथे जातं ते मोजलं. आशा असेल तर झटकन जाणार, नसेल तर रेंगाळणार. नंतर दोन आठवडे अर्ध्या कुत्र्यांनी हुंगण्याचा खेळ केला, अर्ध्यांनी मालकाच्या पायाशी चिकटून चालण्याचा. पुन्हा मोजलं तेव्हा हुंगणारी कुत्री मधल्या वाडग्याकडे आधीपेक्षा लवकर गेली. दुसऱ्या गटात फरक नाही. खाऊ दोन्ही गटांना मिळत होता, खेळही दोघांनाही होता.

मला ह्यातलं जे पटतं ते असं. पायाशी चालताना प्रत्येक पाऊल मी ठरवते. शोधताना मी तिच्या मागून चालते. डबी कुठे आहे हे तिला कळतं, मला नाही. दिवसातून एकदा घरात तिचा शब्द चालतो. ह्या वयात, जेव्हा जिना, दिवाण, गाडीची सीट सगळीकडे तिला "थांब, मी उचलते" ऐकावं लागतं, तेव्हा ही गोष्ट लहान नाही. लोक दमवायच्या गोष्टी करतात. मला वाटतं दमण्यापेक्षा तिला हे विचारलं जाणं आवडतं.

ह्यांच्या मते तिला फक्त रताळं आवडतं.

14 जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ऑफिसातून आलेल्या लाडवांत मनुका निघाल्या. डबा वरच्या फळीवर. द्राक्ष आणि मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडतात. ठकीनं दहा मिनिटांत कपाटासमोर "खूण" केली, गोठून उभी. शोध बरोबर होता, बक्षीस मात्र रताळ्याचंच.

26 जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर कॉलनीतल्या कुत्रेवाल्यांनी मैदानावर छोटा खेळ ठेवला. स्पर्धा म्हणायची नाही असं आधीच ठरलं होतं, तरी प्रत्येकाच्या हातात मोबाइलचं घड्याळ होतंच. मुलांच्या हूला हूपच्या कमानी, विटांवर पीव्हीसीचे पाइप, लहान मुलांचा कापडी बोगदा, शेवटी दहा खोकी.

दोन जर्मन शेफर्ड, एक गुबगुबीत लॅब्राडॉर, तीन देशी, आणि एक हस्की. भोपाळात हस्की! मे महिन्यात 43 अंशांत त्या बिचाऱ्याचं काय होत असेल? मालक तरुण आहेत, एसी लावून ठेवतात म्हणे. बर्फात गाडी ओढायला घडवलेलं जनावर एका खोलीत बंद ठेवायचं आणि वर त्याला हट्टी म्हणायचं, हे काही मला समजत नाही. असो.

ठकीसाठी पाइप जमिनीवर ठेवले. शेफर्ड कमानींतून बाणासारखा गेला. ठकी पहिल्या कमानीत शिरली, दुसरीपाशी थांबून गवत हुंगलं, लोकांकडे बघितलं, तिसरीतून गेली आणि दुसरी राहिली म्हणून मी हाक मारल्यावर उलटी येऊन दुसरीतून गेली. बोगद्यात शिरली ती बाहेरच येईना. वाकून बघितलं तर आत आडवी. गारवा होता, कापड मऊ होतं.

खोक्यांच्या ओळीला मात्र मी दोरी सैल सोडली आणि तिचं अंग बदललं. चौथ्या खोक्यावरून पुढे, मान मागे, परत, खूण. शेफर्डला त्याच ओळीला तिप्पट वेळ लागला, कारण तो खोकी पाडत होता. टाळ्या झाल्या. टाळ्या ऐकून ठकी उठली आणि प्रेक्षकांतल्या एका आजींच्या पिशवीपाशी जाऊन तितक्याच गांभीर्यानं गोठली. आत डबा होता, आलू-पराठे. आजींनी विचारलं, "ये भी पुलिस वाली है क्या?"

9 फेब्रुवारी, रविवार

मागचा डावा पाय उचलून चालते आहे. काल गाईमागे धावली आणि वळताना घसरली. खेळ बंद. घरातल्या माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला द्यायच्या नसतात, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, काहीच नाही. डॉक्टरांनी तिच्यासाठी वेगळं औषध दिलं. आठवडाभर दोरीवरच.

पण चालणं बंद म्हणून नाक बंद कशाला? गादीवर बसल्या जागी तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली डबी. हे तिच्यासमोर मांडी घालून बसतात आणि वाट्या फिरवतात. ती बघत नाही, डोळे अर्धे मिटून हुंगते. ह्यांना वाटतं आपण हातचलाखीत कमी पडतोय.

24 फेब्रुवारी, सोमवार

मानव संग्रहालयात गुंतवणूकदारांची जागतिक परिषद. पंतप्रधान आलेले, श्यामला हिल्सकडचे रस्ते अडवलेले, दुभाजकांवर रातोरात फुलझाडं. बँकेत पोचायला उशीर. ठकी बरी आहे, पाय टेकते. कॉलनीच्या कोपऱ्यावरही नव्या कुंड्या आल्यात. प्रत्येक कुंडीची तिनं सविस्तर तपासणी केली. मी दोरी ओढली नाही.

13 मार्च, गुरुवार

होळी. ऊन चढायला लागलं. दुपारी रस्त्यावर हाताचा पालथा पंजा टेकवून बघितला, सात मोजेपर्यंतही ठेववला नाही. तेव्हा आता मैदान फक्त सकाळी साडेपाचला, नंतर घरातच. उद्या रंग, तिला मागच्या खोलीत ठेवायचं, आणि बुधवारी रंगपंचमीला पुन्हा तेच.

23 मार्च, रविवार

घरातल्या शोधात गोम निघाली. आठवडाभर ठकी विजेच्या वेगानं डबी काढत होती. दीवानजी येऊन बघत बसले आणि म्हणाले, ही लवंग हुंगतच नाहीये. डबी रोज हेच लपवतात, मग ती ह्यांच्या हातांचा ताजा माग काढते. खरंच, ह्यांनी सगळ्या खोल्यांत फिरून, सगळ्या कपाटांना हात लावून मग डबी ठेवली तेव्हा बाईसाहेब स्नानगृहातल्या बादलीपाशी जाऊन गोठल्या.

"होशियार है," दीवानजी म्हणाले. त्यांच्या सेवेतले कुत्रेही हेच करायचे. उपाय ठरलेला आहे. लपवणारा माणूस बदलत राहायचा, चिमटा वापरायचा, आणि वास नसलेल्या दोन-तीन डब्याही त्याच हातानं मांडायच्या.

वरच्या मजल्यावरच्या मुलाची दहावीची परीक्षा परवाच संपली. तो उद्यापासून सकाळी येणार आहे. त्याला सांगून ठेवलंय, गॅस, वीज आणि दिवाणाखालची जागा सोडून कुठेही ठेव. स्वयंपाकघर मात्र नको. तिथे मसाल्याच्या डब्यात लवंगा आहेतच, आणि परवा तिनं तो डबा दाखवला तेव्हा रताळं द्यावं की देऊ नये ह्यावर आमच्या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.